मागची चाकं मोठी

माझा भाचा अनिकेत हल्ली मला टायरचे फोटो पाठवतो. सकाळी चहा घेऊन बसावं, चष्मा शोधावा, फोन उघडावा, तर समोर काळंभोर टायर. कधी एक, कधी तीन-चार. खाली विचारलेलं असतं, "आत्या, यातला कोणता?" आमच्या आंजी गावच्या गोठ्यात इतकी वर्षं कोंबड्यांनी अंडी घालायला वापरलेली बाबांची जीप त्यानं नागपूरला उचलून नेली आहे आणि ती पुन्हा चालती करायचं त्यानं डोक्यात घेतलं आहे. नोकरी करतो, हातात पैसा आहे, हौसेला मोल नसतं. मी मात्र थकले आहे. गुडघे झाले, डोळे झाले, आता या वयात टायर. पण परवा त्यानं लिहिलं की पुढे साधे टायर टाकतो आणि मागे चांगले उंच, रुंद टाकतो, त्यानं गाडीला रुबाब येतो. ते वाचून मी चहा तसाच ठेवला आणि त्याला फोन लावला. म्हटलं, चारही सारखे घे. तो हसला. "आत्या, तुला काय माहीत टायरचं?"

टायरचं मला काय माहीत आहे ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे. मी तेव्हा दहावीला दोनदा बसून घरी बसलेली मुलगी होते. अनिकेतचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ मधू, शाळेत जात होता. आमचं शेत आंजीपासून वर्ध्याच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून आत, नाल्यापलीकडे होतं. भाजीपाल्याचं शेत. वांगी, भेंडी, दोडके, चवळीच्या शेंगा, बांधावर कोहळ्याचे वेल, विहिरीच्या ओलीवर धोप्याची, म्हणजे अळूची, पानं आणि सांबार. बाहेरच्यांना सांगावं लागतं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. लग्न होऊन तळेगावला आले तेव्हा पुण्याकडच्या एका जावेला मी सांबार निवडायला सांगितलं, तर ती पातेलं घेऊन उभी राहिली.

शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण होती. दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी आणि मधे गाडीवाट, बस. उन्हाळ्यात तिथं पायाच्या घोट्याइतकी धूळ असायची आणि पावसाळ्यात ती आमची काळी माती अशी काही फुगायची की बैलांचे पाय आत जायचे ते चिखलाच्या मोज्यासकट बाहेर यायचे. त्या दिवसांत भाजी पांदणीतून बाहेर काढायची ती डोक्यावर. आणि डोकं मायचं. बाबा तोडणी करायचे, बांधणी करायचे, टोपलं उचलून द्यायचे. पण बाजाराचं टोपलं डोक्यावर घेऊन गावातला पुरुष कधी चालायचा नाही. चाऱ्याचा भारा चालायचा, लाकडाची मोळी चालायची, भाजीचं टोपलं नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. माय एका खेपेला रस्त्यावर टोपलं ठेवायची, परत यायची, दुसरं न्यायची. तिची चुंबळ हिरव्या काठाची होती. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून, गोल वळवून, वरून काठ शिवून तिनं ती केली होती. डोक्याच्या आणि टोपल्याच्या मधे तेवढाच आधार. घरी आली की ती चुंबळ चुलीवरच्या खुंटीला अडकवायची आणि मग मानेवरून हात फिरवत भाकरी थापायला बसायची. पिठाच्या हातानं मान चोळल्यामुळे तिच्या मानेवर नेहमी ज्वारीचं पीठ लागलेलं असायचं. आजही कुठे गरम भाकरीचा वास आला की मला चव आठवत नाही, मायची ती पिठाळलेली मान आठवते.

जीप आली ती या मानेसाठी. एका सरकारी खात्याच्या लिलावात बाबांना ती मिळाली. रंग उडालेला, ताडपत्रीचं छत फाटलेलं, एका बाजूचा दिवा नाही. पण चारही चाकांना जोर देणारी होती. गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा होता, तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. बाबांनी अंगणात तिची पूजा केली, लिंबू-मिरची बांधली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, आत गेले, खुंटीवरची चुंबळ काढून आणली आणि हाराबरोबर बोनटवर ठेवली. मायला म्हणाले, "हे पाह्य, आता हे तुह्या डोक्यावर नाई चढत." माय पदर तोंडाला लावून हसली. शेजारच्या बाया पाहत होत्या म्हणून लाजली असेल. पूजा झाल्यावर तिनं चुंबळ उचलली, हळदीकुंकू झटकलं आणि पुन्हा खुंटीला लावली.

बोलणं सोपं होतं. पहिल्याच पावसाळ्यात जीप पांदणीत अशी रुतली की बैलांनी ओढून काढावी लागली. टायर गुळगुळीत झालेले होते. सरकारी माणसानं घासून घासून वापरलेले, त्यांना चिखलात धरायला दातच नव्हते. तो अख्खा पावसाळा मायनं पूर्वीसारखाच काढला आणि जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. नातेवाईक आले की बाबा तिच्याकडे पाठ करून बसायचे. पुढचा उन्हाळा लागला आणि बाबांनी जीपचं सामान जमवायला सुरुवात केली. घरात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. कमानीचे पट्टे, क्लचची प्लेट, ब्रेकचे बूट, पंख्याचा पट्टा. देवघराच्या कोनाड्यात बेअरिंग येऊन बसलं. कबाड्याकडून आणलेली एकेक वस्तू रॉकेलनं धुऊन बाबा माझ्या हातात द्यायचे आणि मी ती चिंधीनं पुसून पोत्यावर मांडायची. जेवताना ताटाला रॉकेलचा वास यायचा. माय म्हणायची, "तुमच्या त्या गाडीपायी मले सैपाकात बी मशीन दिसून राह्यली." पण तिनं कधी नको म्हटलं नाही. तिचीच मान होती.

टायर आणायला बाबांनी मला वर्ध्याला बरोबर नेलं. मधूला न्यायला पाहिजे होतं, पण तो दुकानात गेला की खायला मागायचा आणि मी मुकाट असायची. बाबांनी आयुष्यात एकच खरेदी मन लावून शिकलेली होती, ती बैलांची. बैलाचे दात पाहायचे, वशिंडावर थाप मारायची, चालवून पाहायचं, आणि मग दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. टायरलाही त्यांनी तेच केलं. टायर उभा करून त्यावर थाप मारली. खाचेत नख घालून पाहिलं. वास घेतला. दुकानाबाहेर रस्त्यावर ढकलत नेऊन परत आणला, दुकानदार मागे मागे. शेवटी भावाची वेळ आली तेव्हा बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याच्याखाली हात धरून दुकानदाराकडे पुढे केला. तो बिचारा त्या दुपट्ट्याकडे पाहतच राहिला, त्याला वाटलं हात पुसायला देताहेत. मी तेव्हा लाजेनं दुसरीकडे पाहिलं. आता कधी एकटीच बसले की तो दुपट्टा आठवून हसते.

दुकानात एका बाजूला चार सारखे टायर होते, बेताच्या खाचांचे, जीपच्या मापाचे. आणि कोपऱ्यात दोनच टायर होते, उंच, मोठमोठ्या रबरी गुटक्यांचे, कुठल्या तरी मोठ्या गाडीवरून उतरवलेले. बाबा त्या दोघांवरून हलेचनात. त्यांचा हिशेब सरळ होता. ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं असतं, पुढचं लहान असतं, म्हणून तर ट्रॅक्टर चिखलात ओढतो. मग जीपला मागे हे मोठे लावायचे आणि पुढे आहेत तेच ठेवायचे. शिवाय दोन्ही टायर एकमेकांशी इतके तंतोतंत जुळत होते की बाबा म्हणाले, "अशी जोडी नाई भेटत." जोडी म्हणजे त्यांच्या मनात शेजारी शेजारी चालणारी. डावा आणि उजवा. पुढचा आणि मागचा यांचीही जोडी जुळावी लागते हे त्यांना सुचलं नाही, कारण बैलगाडीत पुढे-मागे बैल जुंपत नाहीत. कवडू मिस्त्री, ज्याच्याकडे टायर बसवायला नेले, त्यानंही मान हलवली. "बसते ना. मांगचे मोठे लावलेले दिसते की कधी कधी," म्हणाला आणि पाना हातात घेतला. मागच्या चाकावरची पत्र्याची कड जरा कापावी लागली, ती त्यानं कापली.

टायर बसले आणि जीप पुढे वाकली. वाकली म्हणजे रुसलेल्या म्हशीनं मान खाली घालावी तशी. मायनं अंगणातून पाहिलं आणि म्हणाली, "गाडी नाकावर काऊन उभी आहे?" बाबांना ते लागलं. म्हणाले, तिला जोर लावायला असंच उभं राहावं लागतं. माय टोपली भरायला गेली. पण मागे भरलेली टोपली सरकत सरकत पुढच्या सीटवर यायची, आणि टमाटे नेले की पहिल्या रांगेतले वर्ध्याला पोचेपर्यंत चटणी व्हायचे. माय ते निवडून घरी आणायची आणि आम्ही रोज रात्री त्याचाच ठेचा खायचो. ती एवढंच म्हणायची, "टमाट्याले गाडी नाई मानवत." बाबा खाली मान घालून खात राहायचे.

पण चिखलात ती चालली, हे खरं आहे आणि ते मला बाबांसाठी लिहायलाच हवं. मृगाचा, आर्द्राचा पाऊस झाला, पांदण फुगली, आणि बाबांनी दांडा ओढला की जीप त्या चिखलातून घरघरत, डुलत, मागे काळ्या मातीचे गोळे फेकत निघायची. मी मागे टोपल्यांत बसलेली असायची आणि माय पुढे, बाबांच्या शेजारी, हातात काहीच नसलेली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नसे. कधी पदर नीट करायची, कधी समोरच्या लोखंडी दांडीला धरायची. त्या पावसाळ्यात तिच्या मानेवर पीठ कमी दिसायला लागलं. ती जेवताना बोलायला लागली, एकदा तर जुन्या लग्नातलं काही गुणगुणली. आमच्या घरात आपण सुखात आहोत असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, पण होतो.

एक खोड मात्र होती. पांदण जिथं डांबरी रस्त्याला मिळायची तिथं कुणीतरी गिट्टी-मुरूम टाकून कडक केलेलं होतं. तिथं आलं की तो दांडा परत ढकलून पुढची चाकं मोकळी करायची. पण दांडा हलायचा नाही. बाबा शिव्या घालायचे, लाथ मारायचे, मग जीप थोडी मागे घ्यायचे, तेव्हा कुठे तो खट् करून सुटायचा. बाबांना वाटायचं खोडकर बैल असतो तशी गाडीची सवय आहे. सवय आहे म्हटलं की आमच्या घरात कुठल्याही गोष्टीची चौकशी संपायची.

महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, आदला दिवस होता. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात, वरून आंबील आणि पुरणपोळी. ज्या घरात वर्षभर दोन भाज्या होत नाहीत तिथंही त्या दिवशी सोळा होतात, निदान सोळांची नावं तरी एका पातेल्यात पडतात. म्हणून भाजीवाल्यांचा वर्षातला खरा बाजार तो. आम्ही उजाडल्यापासून तोडत होतो. कोहळं, त्याचं फूल, चवळी, गवार, अंबाडी, धोप्याची पानं, सांबाराच्या जुड्या, बांधावरची कोवळी पानंसुद्धा. जीप छतापर्यंत भरली. मी एका कोहळ्यावर बसले होते. माय पुढे. पांदणीत अजून दुसऱ्यांच्या बैलगाड्याही निघालेल्या, सगळ्यांना एकाच बाजाराला जायचं. जीप चिखलातून नेहमीसारखी बाहेर आली, गिट्टीवर चढली, बाबांनी दांडा ढकलला, हलला नाही. मागे पाहिलं तर बैलगाड्या लागलेल्या, जीप मागे घ्यायला वीतभर जागा नाही.

माय म्हणाली, "उतरून सांगा ना त्याहीले. थोडं मांग सरकतीन."

"इतक्या गाड्या मांग सरकवू? आधीच उशीर होऊन राह्यला. वर्ध्याले जाऊन निघते तो दांडा."

"सवय आहे म्हणता ना तिची. मंग ऐकावं तिचं."

बाबांनी गाडी पुढे काढली. डांबरी रस्त्याला लागले. जीप चालली, पण जड चालली. आतून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येत होता. वळणावर पुढची चाकं उड्या मारायची. माय सारखी बाबांकडे पाहत होती आणि बाबा सारखे रस्त्याकडे. अर्ध्याच्या वर रस्ता कापला असेल, एका मोठ्या चढावर खालून धाडकन आवाज झाला, लोखंडाच्या घमेल्यात दगड टाकल्यासारखा, आणि जीप थांबली. इंजिन चालू होतं, चाकं फिरत नव्हती. खाली काळं तेल वाहायला लागलं. बाबा उतरले, वाकून पाहिलं, आणि तसेच रस्त्याच्या कडेला बसले. ताडपत्रीखालून सांबाराचा इतका ताजा वास येत होता की मला रडू आलं.

पुष्कळ वेळानं एस.टी. आली, ती माणसांनीच फुटायला आलेली. कंडक्टरनं टोपल्यांकडे पाहिलं आणि घंटी मारली. माय तोवर उभीच होती. मग तिनं सांबाराचं आणि धोप्याच्या पानांचं टोपलं बाहेर ओढलं. चुंबळ घरी खुंटीला होती. तिनं पदराचं टोक पिळलं, गोल केलं, डोक्यावर ठेवलं. तो पदर जुना, झिरझिरीत, त्याची चुंबळ ती काय होणार. मला म्हणाली, "लाव हात." मी टोपलं उचलून दिलं. तिची मान टोपल्याखाली आत गेलेली मला दिसली. आणि ती चालायला लागली, वर्ध्याच्या दिशेनं, मागे न पाहता. मीही एक टोपलं घेतलं. बाबा म्हणाले, "थांब." मला नाही, तिला. ती थांबली नाही.

मग बाबा उठले. अंबाडीचं आणि चवळीचं मोठं टोपलं त्यांनी ओढलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पिळायला लागले. पिळता येईना. गोल करायला जावं तर उलगडायचा. मागून बैलगाड्या येत होत्या, आमच्याच गावच्या, काठोकाठ भरलेल्या, सगळे पाहत होते, आणि बाबांच्या हातात तो दुपट्टा. माय पुढे गेलेली वळली. डोक्यावरच्या टोपल्यासकट, सगळं अंग फिरवून वळली, परत आली, एका हातानं टोपलं धरलं आणि दुसऱ्या हातानं बाबांच्या हातातला दुपट्टा घेऊन त्यांच्याच छातीला लावून तो पिळला, गोल केला, त्यांच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "मान सरळ ठेवजा. खाली पाह्यलं का मोडते." एवढंच. गाडीवाल्यांपैकी कुणी हसलं नाही.

आम्ही तिघं किती चाललो ते मला सांगता येणार नाही. ऊन निघालं होतं, रस्त्यातून वाफ येत होती. बाबा दर थोड्या वेळानं टोपलं सावरत होते आणि माय त्यांच्याकडे न पाहता म्हणत होती, "सरळ." पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ट्रॉलीत घेतलं. बाबा सगळा वेळ त्या ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या चाकाकडे पाहत बसले. नेलं तेवढं विकलं. परत आलो तेव्हा रस्त्यात उभ्या जीपवर शेळ्या चढलेल्या होत्या. वर्ध्यातल्या महालक्ष्म्यांच्या वाटणीच्या भाज्या त्यांनी सोवळ्याओवळ्याची पर्वा न करता खाल्ल्या, कोहळी तेवढी ठेवली. ती कोहळी आम्ही दिवाळीपर्यंत खात होतो. अजूनही कोहळ्याची भाजी समोर आली की मी हळूच वाटी बाजूला सारते.

दुसऱ्या दिवशी मायला मान वळवता येईना. त्यानंतर मान कधी पूर्ण वळलीच नाही. डावीकडे पाहायचं तर ती सगळी त्या बाजूला फिरायची, उभ्या उभ्या. तिला हाक मारली की आधी पाय हलायचे आणि मग चेहरा दिसायचा. शेकणं झालं, तेल झालं, वर्ध्याच्या दवाखान्यातला पट्टा झाला. मला इतकी वर्षं झाली तरी त्या दिवसाचा राग येतो, आणि तो कुणावर धरावा ते अजून ठरत नाही. बाबांवर धरायला जावं तर डोक्यावर दुपट्टा घेतलेले बाबा समोर येतात.

कवडू मिस्त्रीनं जीप उघडली. खालच्या गिअरचे दात तुटून तेलात पडलेले होते. तो म्हणाला, लहान चाकाला तेवढीच वाट चालायला जास्त फेरे लागतात, मोठ्याला कमी, आणि दांडा ओढला की दोघं एकाच लोखंडाला बांधलेले. चिखलात एकमेकांना सांभाळून घसरतात. डांबरावर घसरायला जागा नाही, मग मधलं तुटतं. बाबा म्हणाले, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं?" तो म्हणाला, "मले का माहित तू डांबरावर दांडा ओढून पळवशीन. अन् मलेबी आत्ता समजून राह्यलं, उघडल्यावर." बैल गेला अन् झोपा केला, दोघांनीही. माय ओसरीवर पट्टा लावून बसली होती, तिला हे मी घरी येऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लहान्या बैलासंगं मोठा जुपला का कोनाची मान जाते, हे गावाले शिकवते तो मानूस." त्यात बाबांना टोमणा होता की दुःख होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

पुढच्या वेळी टायर घ्यायला मायही आली. पैसे कसे उभे राहिले ते लिहीत नाही, त्याची चर्चा त्या घरात पुरेशी झालेली आहे. तिनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक लांब पट्टी बरोबर आणली होती. दुकानदार खाचा दाखवत होता, रबर दाखवत होता; ती मान ताठ ठेवून खाली बसली, पट्टी एका टायरभोवती गुंडाळली, गाठ मारली, मग तीच गाठ दुसऱ्या टायरवर, तिसऱ्यावर, चौथ्यावर लावून पाहिली. एक किंचित कमी भरला, तो तिनं हातानं बाजूला सारला. बाबा दुपट्टा खांद्यावर नीट ठेवून उभे होते. दुकानदार त्याच मापाचा चौथा शोधेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. बेताच्या खाचांचे, फार ओढणारे नाहीत असे टायर होते ते, पण पांदणीतून बाहेर यायचे आणि दांडा एका हातानं सुटायचा.

त्या जीपनं पुढे पुष्कळ वर्षं भाजी वाहिली. माझी वरातही तिच्यातूनच निघाली, मागे चवळीचा वास येत होता. मायनं पुन्हा डोक्यावर टोपलं घेतलं नाही, ती समोर बसायची, ताठ, आणि बाजूचं शेत पाहायचं असेल तर सगळी वळून पाहायची. खुंटीवरची चुंबळ मात्र त्या महालक्ष्म्यांनंतर दिसेनाशी झाली. मला वाटलं, मायनं चुलीत घातली. मला ते बरोबरही वाटलं होतं. दोघंही आता नाहीत; आधी माय गेली, मग बाबा.

हे एवढं लिहून झालं आणि काल अनिकेतचा पुन्हा फोटो आला. टायरचा नव्हता. जीपच्या सीटखाली पाने आणि जॅक ठेवायची लोखंडी पेटी असते, तिचं जुनं कुलूप त्यानं तोडलं होतं. आत जॅकच्या शेजारी एक जाड गोल वस्तू, तेलानं काळी झालेली, दगडासारखी कडक. एका बाजूला हिरवा काठ दिसत होता. खाली त्यानं विचारलं होतं, "आत्या, ही कुठल्या पार्टची रिंग आहे? बाजारात नवीन मिळेल का?"

मी बराच वेळ तो फोटो मोठा करून पाहिला. त्या पेटीची चावी एकच होती आणि ती बाबांच्या करदोड्याला असायची. पंक्चर झालं की तेच पेटी उघडायचे, दुसऱ्या कुणाचा हात तिथं जात नसे. म्हणजे मायनं त्यांच्याकडे चावी मागितली असेल, नाहीतर बाबांनी स्वतःच खुंटीवरून काढून ती आत ठेवली असेल. पुन्हा कधी गाडी मोडली तर तिला पदर पिळावा लागू नये म्हणून. दोघांपैकी कुणीही ठेवली असो, पुढची सगळी वर्षं जॅक काढताना ती बाबांच्या हाताला लागत होती, आणि हात पुसून ते पुन्हा मायच्या शेजारी येऊन बसत होते.

अनिकेतला मी उत्तर लिहिलं. ती रिंग बाजारात मिळत नाही. साफ करू नको. जॅकजवळ होती ना, तिथंच राहू देजो.